संस्कृत न शिकता शंभर मार्क

मुलगी आठवीत गेली? अभिनंदन. आता शाळेतून भाषेच्या पर्यायाचा फॉर्म येईल. डोळे मिटून 'संपूर्ण संस्कृत'वर खूण करा. संयुक्तच्या वाटेला जाऊ नका. त्यात पन्नास मार्कांची हिंदी असते आणि हिंदीत परीक्षकाला मत असतं. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगा, संस्कार हवेत हो. 'स्कोअरिंग आहे' हे मनातल्या मनात म्हणा. त्यांनीही तेच केलेलं असतं.

पथ्य एकच. मुलीला संस्कृत येऊ लागणार नाही, याकडे लक्ष ठेवा. येऊ लागलं की पोरं उतारा वाचता वाचता हसतात, 'पुढे काय झालं?' विचारतात आणि पेपर अर्धा राहतो. चांगल्या क्लासमध्ये हा धोका नाही. प्रश्नातला 'कुत्र' (म्हणजे 'कुठे') सोडून उरलेले शब्द उताऱ्यात शोधायचे, ती ओळ जशीच्या तशी उतरवायची, पूर्णवाक्येन उत्तर तयार! क्रियापदात 'ष्य' दिसला की लृट्, भविष्यकाळ. 'तुष्यति'मध्येही 'ष्य' आहे आणि तो बिचारा वर्तमानकाळ आहे, अशी शंका मुलीने काढलीच, तर समजा प्रकरण हाताबाहेर चाललंय. क्लास बदला.

बाकी मंडळ दयाळू आहे. चित्र पाहून नाव लिहा, घड्याळातल्या वेळेच्या जोड्या लावा. होय, दहावीलाच. सुभाषिताचा अर्थ 'माध्यमभाषया', म्हणजे इंग्रजी माध्यमवाल्यांनी खुशाल इंग्रजीत लिहावा. वर तोंडी परीक्षा वगैरे धरून वीस मार्क शाळेच्या हातात. 2019 साली भाषांचे हे अंतर्गत गुण काढून घेतले, तर दहावीचा निकाल 77.10 टक्क्यांवर आपटला. पुढच्या वर्षी ते परत दिले आणि निकाल 95.30 टक्के. वर्षभरात एवढी हुशारी दुसऱ्या कुठल्या राज्याने वाढवून दाखवावी!

घरात एखादे आजोबा असतील तर त्यांना आवरा. पूर्वी मिथिलेत शलाका परीक्षा असे. पोथीत सुई खुपसायची आणि ती ज्या पानापर्यंत जाईल, ते पान विद्यार्थ्याने उलगडून सांगायचं, असलं काहीतरी ते सांगत बसतात. आज कुणी अशी सुई खुपसली तर संध्याकाळपर्यंत 'अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न' म्हणून पालकांचा मोर्चा निघेल आणि सरसकट गुण द्यावे लागतील. मग आजोबा चिंतामणराव देशमुखांवर येतील. 1912 साली मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनाच! खरं आहे. पण पुढचं बघा ना. रिझर्व्ह बँकेचं गव्हर्नरपद आणि देशाचं अर्थखातं सांभाळलेला माणूस, आणि मेघदूताचं मराठी भाषांतर करत बसला. शाळेत भाषा अंगात भिनू दिली की असं होतं.

निकाल लागला की शंभरच्या आकड्याचा फोटो स्टेटसला ठेवा. मावशीने हौसेने 'एक श्लोक म्हण की गं' म्हटलं तर विषय पेढ्यांकडे वळवा, आणि अकरावीच्या फॉर्मवर दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घ्या. तिथे तर मार्क आणखी पडतात म्हणे.