‘कौल’ हा शब्द जपून वापरावा

गेले काही महिने सवड मिळेल तसा मी पणजीच्या पाटो भागातील मध्यवर्ती ग्रंथालयात बसून गोव्यातील मराठी दैनिकांचे जुने अंक वाचतो आहे, आणि त्या वाचनात ‘कौल’ हा एकच शब्द मला पुन्हा पुन्हा थांबवतो आहे. कधी तो मंगळुरी कौलांच्या जाहिरातीत भेटतो, कधी देवळाच्या बातमीत आणि निवडणुका आल्या की पहिल्या पानावरच्या मथळ्यात.

छपरावरचे कौल बाजूला ठेवू. उरलेल्या अर्थांचे मूळ अरबीत आहे, आणि तिथे त्याचा अर्थ बोल, वचन असा होतो. ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेला सरकार पूर्वी इस्ताव्याचा कौल देत असे, म्हणजे सारा कसा टप्प्याटप्प्याने वाढेल याचे लेखी अभय देत असे. देवळातला कौल आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. मूर्तीला पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात आणि उजवी पाकळी पडली की होकार मानतात. मात्र पाकळी लावण्याआधी प्रश्न नेमका सांगावा लागतो, आणि मिळालेले उत्तर तेवढ्याच प्रश्नाचे असते. माझ्या मते या शब्दाचा सगळा प्राण इथेच आहे.

म्हणूनच 16 जानेवारी 1967 च्या मतदानाला गोव्यातील मराठीने ‘जनमत कौल’ म्हटले, हे मला अतिशय समर्पक वाटते. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाला फूल आणि वेगळेपणाला दोन पाने अशी चिन्हे होती. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा ‘गोमन्तक’ आणि त्याला विरोध करणारे ‘राष्ट्रमत’ ही दोन्ही दैनिके मराठीच होती, हे आजच्या तरुणांना अनेकदा ठाऊक नसते. गोव्यात वेगळे राहण्याच्या बाजूने 1,72,191 आणि विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडली. आमच्या घरात वडील फुलाचे होते आणि आजोळची माणसे दोन पानांची; तरीही पुढच्या चतुर्थीला सगळे गणपतीवर फळाफुलांनी सजवून टांगलेल्या एकाच माटोळीखाली बसले, असे आई सांगत असे.

त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत विधानसभेची निवडणूक झाली, आणि विलीनीकरणाचा आग्रह धरणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा सत्तेवर येऊन भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. जानेवारीत ज्या मतदारांनी विलीनीकरण नाकारले होते, त्यांनीच मार्चमध्ये हा निकाल दिला. मतदारांना दोन्ही गोष्टी वेगळ्या कळत होत्या. याच पक्षाच्या 1963 च्या निवडणुकीतील विजयाचा अर्थ विलीनीकरणाला संमती असा लावला गेला होता, आणि तो अर्थ मान्य नसलेल्यांनी स्वतंत्र प्रश्न विचारण्याची मागणी लावून धरली, म्हणून तर जनमत कौल घ्यावा लागला.

असे असताना प्रत्येक निवडणुकीच्या निकालाला ‘जनतेचा कौल’ म्हणण्याची जी सवय आपल्या वृत्तपत्रांना जडली आहे, ती मला मनापासून खटकते. विधानसभेच्या मतदानात कोणी रस्त्यासाठी मत देतो, कोणी खाणी सुरू व्हाव्यात म्हणून, कोणी उमेदवार अडीअडचणीला धावून येतो म्हणून. त्या सगळ्यांना एका कौलात कोंबले की जिंकलेला पक्ष कोणत्याही निर्णयाला लोकांची संमती असल्याचे सांगू शकतो, आणि जो प्रश्न कधी विचारलाच गेला नाही त्याचे उत्तर मतदाराच्या तोंडी घातले जाते. अशा ठिकाणी ‘निकाल’ हा साधा शब्द पुरेसा आहे.

आणखी एक विनंती वृत्तपत्रांत काम करणाऱ्या मित्रांना आहे. दरवर्षी 16 जानेवारीला जे लेख छापून येतात, त्यांत मतांतला 34,021 चा फरक ठळक असतो आणि मूळ प्रश्न मात्र एखाद्या ओळीत उरकला जातो. येत्या जानेवारीत तो प्रश्न त्याच्या दोन्ही चिन्हांसह आधी छापावा आणि आकडे त्याच्याखाली द्यावेत.