झाड नेलं, कृती तिथेच राहिली

पारंपरिक समाजांचं वनस्पतींचं ज्ञान म्हटलं की आपण लगेच याद्या करतो, अमुक पान तमुक आजारावर, अमुक कंद खातात, झालं. मला हे पटत नाही. खरं ज्ञान कृतीत असतं आणि नेमकी तीच कोणी धड लिहून घेत नाही, याचा मनापासून राग येतो.

मकाच बघा ना. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले लोक हजारो वर्षं मका चुन्याच्या नाहीतर राखेच्या पाण्यात शिजवून, तसाच भिजत ठेवून मग दळतात, त्याने सालं सुटतात हे आहेच पण मक्यात अडकलेलं नायसिन म्हणजे बी-३ जीवनसत्त्व अंगाला लागतं. युरोपियनांनी मका उचलला आणि कृती तिथेच सोडली. मग १७३५ मध्ये स्पेनमधल्या गास्पार कसाल या डॉक्टरने मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमध्ये एक रोग पाहिला, कातडी सोलवटते, जुलाब होतात, पुढे डोक्यावर परिणाम. हाच पेलाग्रा. उत्तर इटलीत, नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात माणसं मरत राहिली, आणि नायसिनने हा बरा होतो हे कळायला १९३७ उजाडलं!

कडू कसावाचं (साबुदाणा ज्यापासून करतात त्या कंदाची कडू जात) तर अजून भारी आहे. कंद किसला की त्यातून सायनाइड हे विष सुटतं, तरी अ‍ॅमेझॉनमधले कित्येक समाज गोड जात माहीत असूनही कडूच मुद्दाम लावतात. बायका तो किसतात, विणलेल्या लांब नळीसारख्या पिशवीत भरून पिळतात, मग भाजतात, म्हणजे विष निघून जातं. हे पीक आफ्रिकेत गेलं, तिथल्या बायकांनीही भिजवायच्या, आंबवायच्या, वाळवायच्या आपल्या पद्धती बसवल्या. पण १९८१ मध्ये मोझांबिकमध्ये दुष्काळ पडला, खायला दुसरं काही नाही, कसावा पूर्ण वाळेपर्यंत थांबायलाही कोणाला जमेना, आणि हजाराहून जास्त लोकांचे पाय कायमचे लुळे पडले, त्यात बायका आणि मुलंच जास्त. एवढं महत्त्व आहे त्या दोन-चार दिवसांच्या कामाला, आणि आपण त्याला नुसता 'स्वयंपाक' म्हणून सोडून देतो.

२०१० च्या नागोया कराराने (जैवविविधतेवरचा आंतरराष्ट्रीय करार) अशा ज्ञानातून झालेल्या फायद्यात समाजांना वाटा द्यायचं ठरवलं, चांगलंच झालं. पण वाट्याची बोलणी बहुतेक वेळा औषध, अर्क, पेटंट यावर येऊन थांबतात, विष काढायची पद्धत ज्यांनी बसवली त्या बायकांचा त्यात कुठे उल्लेखही नसतो. म्हणून जे कोणी या विषयावर काम करताय त्यांना कळकळीने सांगणं आहे, झाडाच्या नावापाशी थांबू नका, कोणत्या महिन्यात काढतात, कोणता भाग टाकून देतात, किती वेळा पाणी बदलतात आणि हे सगळं करतं कोण, तेही विचारा आणि त्यांच्या नावानिशी लिहा, अर्थात त्यांची परवानगी घेऊनच.