भावना : निरंक

शुक्रवारी मी सहीशिक्क्यानिशी शासनाला लिहून दिलं की आमच्या कार्यालयात भावना निरंक आहे.

माहितीच्या अधिकाराचं वार्षिक विवरण, कलम २५. अर्ज किती आले, किती नाकारले, अपिलं किती, शुल्क किती जमलं. आमच्याकडे अख्ख्या वर्षात अर्ज एक, जमा १० रुपये. बाकी रकान्यांत शून्यं घातली आणि कागद द्यायला स्वतः गेलो. मेल आधीच केला होता, पण तो त्यांना 'दिसत नाही' म्हणे.

टेबलावरचे काका मराठीच निघाले, इंदूरच्या रामबागेतले. समोर वर्तमानपत्रावर पोहे, वर शेव, जिरावण मसाला. (इंदुरात सरकारी काम पोह्यांच्या आधी सुरू होत नाही, आणि पोहे कधी संपतात ते कुणी पाहिलेलं नाही.)

"शून्य चालत नाही. निरंक लिहा."

"काका, अर्थ तोच ना?"

"शून्य म्हणजे मोजलं. निरंक म्हणजे विषयच नाही."

एकेक शून्य खोडलं, प्रत्येक खोडीशेजारी छोटी सही. मग काकांचं बोट एका रकान्यावर थांबलं : 'अधिनियमाच्या भावनेनुसार अंमलबजावणीसाठी केलेले प्रयत्न'. हा रकाना मी रचलेला नाही, २००५च्या कायद्यातच भावना आहे.

"हे कोरं का?"

"काय लिहू?"

"भावना आहे का?"

"आहे की!"

"पुरावा?"

मी गप्प.

"मग निरंक."

शेवटचा रकाना सुधारणेच्या सूचनांचा. तिथे मात्र मला जोर आला. हेच आकडे ह्याच वर्षी तिसऱ्यांदा, तिसऱ्या नमुन्यात मागवलेत; त्यापायी माझी अर्ध्या दिवसाची रजा गेली; आणि माहिती आयोगाच्या अहवालात शिरून हे विधानसभेच्या पटलावर पडेल तेव्हा ते उघडणार कोण? हे सगळं लिहायला पेन टेकवलं.

काकांनी माझं मनगट धरलं. "सूचना दिलीत तर खुलासा मागतील. तुमच्याकडेच."

लिहिलं. निरंक.

शिक्का मारताना खाली शेवेचा तुकडा सापडला. अपिलांच्या रकान्यात पिवळा तेलकट ठिपका उमटला, अगदी शून्यासारखा. तो खोडायला कुणी सांगितलं नाही.

"पोचपावती, काका?"

"ती आवक शाखेतून. आज बंद."

"मग कागद पोचला हे मला कळणार कसं?"

काकांनी ड्रॉवरमधून एक छापील अर्ज काढून पुढे सरकवला. "माहितीच्या अधिकारात मागा. १० रुपये."