एल्टन जॉन म्हणे न शिकता एका रात्रीत स्टार झाला! तारखा तरी बघा की

गेल्या आठवड्यापासनं आमच्या सोलापुरातल्या दोन-तीन पालक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. "इंग्लंडचा एल्टन जॉन, जगप्रसिद्ध पियानोवाला गायक. घरात संगीताचा गंध नाही, आयुष्यात एक क्लास लावला नाही, शाळा सोडली, एकटा अमेरिकेला गेला आणि एका रात्रीत स्टार झाला. सगळ्यात गाजलेलं गाणं वीस मिनिटांत केलं. अंगात कला असेल तर क्लास लागत नाही, मुलांना क्लासच्या पिंजऱ्यात कोंडू नका." खाली हात जोडलेले आणि 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा'.

मी जुळे सोलापुरात घरीच पेटी आणि कीबोर्ड शिकवते. माझ्याकडं एक नववीतला मुलगा अशोक चौकाकडनं सायकल मारत यायचा, वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. पोराचा कान फार चांगला, एकदा ऐकलेली चाल दुसऱ्या पट्टीत वाजवून दाखवतो. मंगळवारी त्याच्या वडलांचा फोन आला, "मॅडम, तो मेसेज वाचला का? तसल्या माणसाला क्लास लागला नाही, मग आमच्या पोराला कशाला, यायचं असलं तर येईलच की आपोआप." फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही म्हणून आता इथं सविस्तर लिहितेय, कारण त्या मेसेजमध्ये दोन-तीन गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत आणि बाकीचं सगळं चूक आहे.

सुरुवात घरापासनं. एल्टन जॉनचं खरं नाव रेजिनल्ड ड्वाइट, जन्म २५ मार्च १९४७, लंडनच्या बाहेरच्या भागात पिनर म्हणून गाव आहे तिथला. वडील हवाई दलात होते आणि हौसेनं बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. आई रेकॉर्ड विकत आणायची, एल्विस प्रेस्लीची रेकॉर्ड त्याच्या कानावर पहिल्यांदा तिच्यामुळंच पडली. आणि आजीच्या घरात पियानो होता, तीन-चार वर्षांचा असतानाच हा त्यावर ऐकलेल्या चाली वाजवायला लागला. आता ह्याला गंध नाही म्हणायचं तर मग गंध कशाला म्हणायचं? आपल्याकडं ज्या घरात भजनी मंडळाची पेटी असते त्या घरातलं पोर तिसऱ्या वर्षीच भात्याला हात घालतं, तसंच हे.

आता क्लासचं, कारण सगळा मेसेज ह्याच एका वाक्यावर उभा आहे. सातव्या वर्षी त्याची पियानोची रीतसर शिकवणी सुरू झाली. अकराव्या वर्षी त्याला लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ म्युझिकची ज्युनिअर स्कॉलरशिप मिळाली. ही काय साधीसुधी संस्था नाही, १८२२ साली स्थापन झालेली, इंग्लंडातल्या नावाजलेल्या संगीत शाळांपैकी एक. दर शनिवारी तिथं जायचं, साधारण पाच वर्षं गेला. बाख, शोपँ ह्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकारांच्या रचना, कोरसमध्ये गाणं, थिअरी, सगळं. तिथल्या त्याच्या पियानोच्या बाईंनी पुढं सांगितलंय की हँडेलची चार पानांची एक रचना त्यांनी वाजवून दाखवली आणि ह्यानं ती तिथल्या तिथं जशीच्या तशी वाजवली. म्हणजे कान देवानं दिलेलाच होता, मी कशाला नाकारू. पण बघा, एवढा कान असलेल्या पोरालासुद्धा त्या बाईंनी 'तुला काय गरज' म्हणून घरी पाठवलं नाही, उलट कागदावरचं वाचायला लावलं.

एक गोष्ट मेसेजवाल्यांच्या बाजूची आहे ती पण सांगते. तो काही फार अभ्यासू विद्यार्थी नव्हता. कधीकधी शनिवारी क्लासला दांडी मारून लंडनच्या भुयारी रेल्वेत फिरत बसायचा, हे त्यानं स्वतःच कबूल केलंय. आणि मुलांवर परीक्षेचं ओझं टाकू नका हे म्हणणं मलाही पटतं, मी स्वतः दोन-तीन मुलांना परीक्षेला बसवलेलं नाही कारण त्यांना ती भीतीच वाटायची. पण दांडी मारायलासुद्धा आधी क्लास असावा लागतो ना. त्याच्या गाण्यांमधले कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) नीट ऐका, डाव्या हाताचा बास म्हणजे खालचा स्वर सरकत जातो आणि वरचा कॉर्ड तोच राहतो, ते प्रार्थनागीतांतनं आणि त्या शनिवारच्या वर्गांतनं आलेलं आहे असं मला वाजवताना पदोपदी जाणवतं.

शाळा सोडली, हे खरं. सतराव्या वर्षी, शेवटच्या परीक्षेच्या जरा आधी. पण सोडून अमेरिकेला नाही गेला, लंडनमध्ये एका संगीत प्रकाशकाच्या ऑफिसात साध्या नोकरीला लागला. आणि त्याच्या आधीच, पंधराव्या वर्षापासनं, घराजवळच्या नॉर्थवुड हिल्स हॉटेलच्या पबमध्ये आठवड्याच्या शेवटी रात्री पियानो वाजवत होता, ते काम आई आणि सावत्र वडलांनी मिळवून दिलेलं. दारू पिऊन बसलेली माणसं, फर्माइशी वेगवेगळ्या, कोणाला जिम रीव्हज पाहिजे तर कोणाला रे चार्ल्स. ज्यांनी आपल्याकडं गणपतीत ऑर्केस्ट्रात रात्र रात्र कीबोर्ड वाजवलाय त्यांना विचारा, तिथं हात कसा तयार होतो ते.

त्यानंतरचा काळ तर मेसेजवाल्यांनी अख्खा खाऊन टाकलाय, आणि मला राग ह्याचाच जास्त येतो. १९६२ मध्ये मित्रांबरोबर ब्लूझॉलॉजी नावाचा बँड काढला. अमेरिकेतनं आलेल्या आयझ्ली ब्रदर्स, पॅटी लबेल अशा कलाकारांच्या मागं बसून साथ करायची, गाडीत सामान भरायचं, पुढच्या गावाला जायचं. १९६५ ला त्याचं स्वतःचं लिहिलेलं आणि गायलेलं पहिलं गाणं बँडच्या नावानं रेकॉर्डवर आलं, चाललं नाही. मग लाँग जॉन बाल्ड्री नावाच्या गायकाच्या मागं साथीला. पुढं नाव बदललं ते ह्याच दिवसांतनं आलं, बँडमधल्या सॅक्सोफोनवाल्या एल्टन डीनचं 'एल्टन' आणि बाल्ड्रीचं 'जॉन'. (त्याच्यावरच्या २०१९ च्या 'रॉकेटमॅन' सिनेमात 'जॉन' हे जॉन लेननच्या फोटोवरनं घेतलेलं दाखवलंय, ते खरं नाही.)

एकटा होता म्हणे. १९६७ मध्ये लिबर्टी रेकॉर्ड्सची नवे कलाकार पाहिजेत अशी पेपरात जाहिरात आली, हा गेला आणि नापास झाला. चाल लावता येते पण शब्द लिहिता येत नाहीत म्हणाला, तर तिथल्या माणसानं ढिगातलं एक न उघडलेलं पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यात लिंकनशरच्या एका सतरा वर्षांच्या पोराच्या कविता होत्या, तो बर्नी टॉपिन. त्यानंही त्याच जाहिरातीला अर्ज केलेला. पुढं दोघं एल्टनच्या आईच्या छोट्या फ्लॅटमध्ये वरखाली पलंग असलेल्या एका खोलीत राहिले, एकानं एका खोलीत शब्द लिहायचे, दुसऱ्यानं दुसऱ्या खोलीत चाल लावायची. इतक्या वर्षांनंतरसुद्धा त्याच्या बहुतेक मोठ्या गाण्यांचे शब्द बर्नीचेच आहेत. आता ह्यात एकटेपणा कुठं आहे मला दाखवा.

डिक जेम्स ह्या संगीत प्रकाशकाच्या कंपनीत दोघं पगारावर गाणी लिहायला लागले, ती गाणी दुसऱ्यांसाठी. १९६९ ला ल्यूलू ह्या गायिकेनं युरोव्हिजन ह्या युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेच्या ब्रिटनमधल्या फेरीत त्यांचं एक गाणं गायलं, सहा गाण्यांत ते सहावं आलं! शेवटचं. पोट भरायला एल्टन दुसऱ्यांच्या हिट गाण्यांच्या नकला स्वस्त रेकॉर्डसाठी गायचा, दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला पियानो वाजवायचा, त्याच वर्षी द हॉलीज ह्या बँडच्या एका गाजलेल्या गाण्यावरचा पियानो त्याचाच आहे. १९६८ मधलं त्याचं पहिलं सोलो गाणं आपटलं, १९६९ मधला पहिला अल्बम 'एम्प्टी स्काय' फारसा विकला गेला नाही.

आणि आता ती 'एक रात्र'. २५ ऑगस्ट १९७०, लॉस एंजेलिसचा ट्रूबाडोर क्लब, जेमतेम तीनशे लोकांची जागा, आपल्या हुतात्मा स्मृती मंदिरापेक्षा कितीतरी छोटं. त्या रात्री जादू झाली हे खरं आहे, नील डायमंड ह्या अमेरिकन गायकानं त्याची ओळख करून दिली आणि लॉस एंजेलिस टाइम्सचा संगीत समीक्षक रॉबर्ट हिलबर्ननं असं काही लिहिलं की सगळ्यांचं लक्ष गेलं. पण तो तिथं खिशात हात घालून गेला नव्हता. दुसरा अल्बम आधीच अमेरिकेत बाजारात आला होता, कंपनीनं जाहिरात एवढी केली होती की विमानतळावर न्यायला लंडनची लाल डबल डेकर बस उभी केलेली, त्याला स्वतःला त्याची लाजच वाटली. बरोबर डी मरे बास गिटारवर आणि नायजेल ओल्सन ड्रम्सवर होते. कार्यक्रमही एक रात्र नव्हता, सहा रात्री होता. सिनेमात तो त्या रात्री 'क्रोकोडाइल रॉक' वाजवतो, ते गाणं १९७२ चं आहे, त्या रात्री अस्तित्वातच नव्हतं.

त्यानंतरही लगेच सगळं झालं नाही. मेसेजमधलं ते गाजलेलं गाणं म्हणजे 'युवर साँग', ते अमेरिकेत पहिल्यांदा रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं होतं, रेडिओवाल्यांनी ते उलटून लावलं तेव्हा चाललं आणि पहिल्या दहात १९७१ उजाडताना गेलं. अमेरिकेत पहिला नंबर एकचा अल्बम १९७२ मध्ये. आणि हे तर कोणालाच माहीत नसतं, स्वतःच्या ब्रिटनमध्ये एकट्याच्या नावावरचं पहिलं नंबर एकचं गाणं १९९० मध्ये आलं, त्रेचाळीस वर्षांचा असताना.

राहिली वीस मिनिटं. ती खरी आहेत, 'युवर साँग'ची चाल त्यानं तेवढ्याच वेळात लावली. बर्नीनं नाश्त्याच्या टेबलावर शब्द लिहून दिले, तो पियानोपाशी बसला आणि झालं. पण त्या सकाळी तो बावीस वर्षांचा होता आणि पियानोवर बसायला लागून एकोणीस वर्षं झाली होती, पब, बँड, नकला, नापास झालेली ऑडिशन सगळं त्या बोटांत होतं. मागावर चादर भराभर निघते म्हणून डिझाइनचं कार्ड पंच करायला वेळ लागत नाही असं सोलापुरात तरी कोणी म्हणणार नाही.

ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढं पाठवलाय त्यांनी हेही त्याच ग्रुपवर टाका, कृपा करून. आणि त्या मुलाचे वडील हे वाचत असतील तर दादा, फीचं नंतर बघू, रविवारी सकाळी दहाला त्याला पाठवा, त्याची पेटी मी दुसऱ्या कोणाला दिलेली नाही.