तत्त्वासाठी? छे!

अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजच्या खटल्यावरच्या लेखातलं ‘कॉलेज तत्त्वासाठी लढलं’ हे वाक्य काही पटलं नाही. कॉलेजजवळच्या गिब्सन्स बेकरीतल्या चोरीत सापडलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ऑगस्ट २०१७ मध्येच गुन्हा कबूल केला, वर बेकरीवाल्यांच्या वागण्यात वर्णद्वेष नव्हता हेही कोर्टात सांगून टाकलं. बेकरी वर्णद्वेषी असल्याच्या आरोपांना कॉलेजने साथ दिली, म्हणून बेकरीवाल्यांनी कॉलेजवर बदनामीचा दावा लावला तो त्यानंतर, नोव्हेंबरात. मिटवायला याहून चांगली वेळ कुठली? पण कॉलेज हरलं, त्याची अपिलं २०२२ पर्यंत चालली आणि व्याज, वकिलांची फी धरून बेकरीला साडेतीन कोटी डॉलरच्या वर मोजावे लागले.

मी एका विद्यापीठाच्या विधी विभागात नोकरी केली आहे. तडजोड करून चेक काढला की ऑडिटचा आक्षेप, सही करणाऱ्याची मान अडकणार. तेच कोर्टाने हुकूम दिला तर कोणी विचारत नाही. एका निवृत्त प्राध्यापकांच्या थकबाकीची फाईल अशीच हायकोर्टापर्यंत गेली. टिपणावर प्रत्येक वेळी शेरा एकच, ‘अपील दाखल करावे’. ते बिचारे तारखेला डबा घेऊन यायचे. ओबर्लिनचं दुखणं वेगळं असेल, मान्य. पण अपिलाचा निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणाच्या खिशाला काही चाट बसली का, हे लेखकाने विचारायला हवं होतं.