दहा मिनिटं बाहेर? हाणून पाडा!

रेफ्रीवर खेकसल्याशिवाय तुमचा रविवार साजरा होत नसेल, तर सावध व्हा. पंचाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला दहा मिनिटं मैदानाबाहेर उभं करायचं, असा डाव गेली काही वर्षं शिजतो आहे. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने 2017 मध्ये मुलांच्या, वयस्करांच्या आणि हौशी सामन्यांसाठी त्याला मुभा दिली. इंग्लंडवाल्यांनी आधी 31 लीगमध्ये प्रयोग करून पाहिला, हुज्जत 38 टक्क्यांनी कमी झाली म्हणून जाहीर केलं आणि 2019-20 च्या हंगामापासून हौशी फुटबॉलमध्ये तो सरसकट लागू केला. रंगात आलेल्या दर शंभर भांडणांमधली अडतीस अशी हकनाक गेली. हे लोण आज ना उद्या नेरुळच्या यशवंतराव चव्हाण मैदानापर्यंत येणार. त्याआधी आपल्या हातात काय आहे, हे नीट समजून घ्या.

आपल्या हातात फार मोठी गोष्ट आहे. रविवारी सकाळी बारा-तेरा वर्षांच्या पोरांचा सामना असतो. रेफ्री बहुधा कॉलेजात जाणारा मुलगा, कळव्याहून नाहीतर ऐरोलीहून पहिली लोकल धरून आलेला. लाइन्समन नसतात, त्यामुळे ऑफसाइड त्यानेच बघायचा, घड्याळ त्यानेच सांभाळायचं आणि कुत्रं मैदानात शिरलं तर तेही त्यानेच हाकलायचं. मानधन इतकं की घरी जाताना वडापाव खाल्ला तर हिशेब करावा लागतो. असा माणूस ओरडा खाण्यासाठीच जन्माला आलेला आहे, याबद्दल मनात शंका ठेवू नका. त्याला ‘सर’च म्हणा. ‘ओ सर, काय लावलंय?’ या वाक्यात आदर आणि धमकी दोन्ही बसतात, शिवाय उद्या कोणी तक्रार केलीच तर आपण सर म्हणालो होतो, हा पुरावा हाताशी राहतो.

सुरुवात पाचव्या मिनिटाला करा, आणि तीही अशा थ्रो-इनवरून, ज्याचं कोणालाच सोयरसुतक नाही. निर्णय बदलणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक असतं. तो बदलून घ्यायचाच नसतो. पुढच्या वेळी शिट्टी तोंडाशी नेताना त्याला तुमचा चेहरा आठवला पाहिजे, एवढाच हेतू. मग गोलपोस्टसमोर कोणी पडलं की पाच-सहा जणांनी धावत जाऊन त्याला घेरायचं. एकाने हात जोडायचे, दुसऱ्याने कपाळाला हात लावायचा, तिसऱ्याने ‘सेटिंग आहे, सेटिंग’ असं दुसऱ्या कोणाला तरी सांगितल्यासारखं पण त्याला ऐकू जाईल असं म्हणायचं. पोरांना हे शिकवावं लागत नाही, शनिवारी रात्री टीव्हीवर सगळं दिसतं. ड्रिबलिंग यायला वर्षं जातात, घेराव एका मोसमात येतो.

आणि या सगळ्याची किंमत? फार तर एक पिवळं कार्ड. या कार्डाचा जन्मच मुळी सिग्नलवर झाला. 1966 च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात कोणाला ताकीद मिळाली आणि कोणाला नाही, याचा गोंधळ उडाला, तेव्हा केन ॲस्टन या इंग्लिश पंचाला लंडनमध्ये गाडी चालवताना सिग्नलचे दिवे बघून कार्डांची कल्पना सुचली. 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात ती वापरात आली. पिवळा म्हणजे जरा दमानं, लाल म्हणजे थांब. बिचारा ॲस्टन ठाण्याला कधी आला नसावा. तीन हात नाक्यावर पिवळा दिवा लागला की आपण काय करतो, हे त्याने पाहिलं असतं तर दुसरा एखादा रंग तरी शोधला असता.

पिवळं कार्ड ही उधारी आहे. वहीत नाव लिहिलं जातं, पैसे कधीतरी पुढे द्यायचे, आणि दुसरं कार्ड मिळालं नाही तर त्या सामन्यापुरती उधारी बुडालीच म्हणायची. दहा मिनिटं बाहेर म्हणजे मात्र वाण्याच्या दुकानातली पाटी: आज रोख, उद्या उधार. तुम्ही तोंड उघडलंत की संघ लगेच दहा जणांवर येतो. त्या दहा मिनिटांत गोल पडला तर तो तुमच्या नावावर. म्हणून सांगतो, धोका रेफ्रीकडून नाहीच, तो तुमच्याच बचावफळीतल्या सेंटर बॅककडून आहे. आज तो तुमच्या खांद्याला खांदा लावून बोंब मारतो. उद्या तोच तुमच्या तोंडावर हात ठेवून ‘गप ना यार, दहा मिनिटं कोण पळणार तुझ्या जागी?’ म्हणेल. इतक्या वर्षांची संघभावना अशी एका फटक्यात संपेल.

फक्त मर्यादा पाळा. रेफ्रीला हात लावायचा नाही. 2023 मध्ये इंग्लंडमधल्या एफए कपच्या सामन्यात फुलहॅम क्लबच्या मित्रोविचने रेफ्रीचा दंड धरला आणि आठ सामने घरी बसला. त्याच वर्षी डिसेंबरात तुर्कस्तानात एका क्लबच्या अध्यक्षाने सामना संपल्यावर मैदानात येऊन रेफ्रीला ठोसाच मारला, तर देशभरातल्या लीग थांबवाव्या लागल्या. मैदान सोडून जाण्याचाही विचार करू नका. इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत केरळा ब्लास्टर्सने बेंगळुरूच्या सुनील छेत्रीच्या झटपट घेतलेल्या फ्रीकिकवर रागावून तसं केलं, त्याचा दंड 4 कोटी रुपये झाला. आपल्या सोसायटीच्या संघाला एवढं परवडत नाही. जिभेपुरतं ठेवलं की सगळं स्वस्तात पडतं. इंग्लंडमध्ये 2023 मध्ये हौशी रेफ्रींच्या छातीवर कॅमेरे लावायची पाळी आली, ती तिथल्या लोकांना हा फरक कळला नाही म्हणून.

वरच्या मंडळींचा आधार मात्र आपल्याला आहे. 2024 च्या फेब्रुवारीत निळ्या कार्डाची हूल उठली होती: हुज्जत घातली की निळं कार्ड, दहा मिनिटं बाहेर. मार्चमध्ये फिफाचे अध्यक्ष इन्फँटिनो यांनी स्वतः सांगून टाकलं, मोठ्या फुटबॉलमध्ये असलं काही येणार नाही. म्हणजे शिस्त लागायची ती नेरुळच्या पोरांना. ज्यांचं बघून ती बिघडतात, त्यांना मोकळीक. या न्यायबुद्धीचं मला खरोखर कौतुक वाटतं. त्याच वर्षीच्या युरो स्पर्धेत फक्त कर्णधारानेच रेफ्रीशी बोलायचं, असा दंडक घातला गेला आणि तो बऱ्यापैकी पाळलाही गेला. आपल्याकडे तो आला तर घाबरू नका. वाशीत खेळाच्या दुकानात कर्णधाराच्या पट्ट्या मिळतात, अकरा घ्या.

तरीही दहा मिनिटांचा नियम आलाच, तर विरोध कसा करायचा? ‘खेळाचा आत्मा’ हे शब्द सुरुवातीला घाला. मग म्हणा, ज्या संघाचा माणूस बाहेर जाईल तो दहा मिनिटं नुसता वेळ काढेल, गोलकीपरच्या पायात गोळा येईल, सामना मरेल. हा मुद्दा चांगला आहे, कारण त्यात तथ्य आहे आणि आपण स्वतः तेच करणार आहोत. पण ‘हे आपल्या मातीत नाही’ असं मात्र चुकूनही म्हणू नका. शेजारी कबड्डीवाला कोणी उभा असेल तर पंचाईत होईल. कबड्डीत पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, सात जणांच्या संघात सहाच उरतात. हॉकीत हिरवं कार्डही दोन मिनिटं बाहेर बसवतं. रग्बीतली दहा मिनिटं तर जुनीच. या तिन्ही खेळांना अजून कोणी मेलेलं पाहिलेलं नाही, पण ते बोलून दाखवायची गरज नाही.

आणि अगदीच काही चाललं नाही, तर शेवटचा उपाय पालकांच्या हातात आहे. 2019 पासून रेफ्री प्रशिक्षकाला आणि मॅनेजरलाही पिवळं-लाल कार्ड दाखवू शकतो. आई-बापाला दाखवायचं कार्ड मात्र कोणत्याही रंगात छापलेलं नाही. पोरगा दहा मिनिटं तुमच्या शेजारी येऊन उभा राहिला की त्याचं राहिलेलं वाक्य तुम्ही पूर्ण करा. दोरीच्या अलीकडून, छत्रीखालून, चहाचा कप हातात धरून जे काही बोलाल ते प्रेक्षकाचं मत. रेफ्री वैतागून फार तर खेळ थांबवेल, मग ‘पोरांचा सामना बंद पाडला’ म्हणून त्यालाच धारेवर धरता येतं. तेव्हा संघाचे मॅनेजर मुंबईला गेलेत म्हणून कोणी ‘आजच्या दिवस तुम्ही बघा हो’ असं म्हणत ओळखपत्र तुमच्या गळ्यात घालायला आले, तर गुडघ्याचं काहीतरी सांगा आणि दोरीच्या अलीकडेच थांबा.