निवांत, पण नियोजनपूर्वक

यंदा झेंड्यामागून धावायचं नाही, असं आमच्या घरात एकमताने ठरलं. झेंडा म्हणजे टूर मॅनेजरच्या हातातला. पहाटे सहाला बॅगा खोलीबाहेर, साडेसातला बस, आणि दुपारी कुठल्या तरी देशात राजमा-चावल. आता निवृत्तीनंतर तरी गाडी भाड्याने घ्यायची, एकाच खेड्यात तळ ठोकायचा, मनाला येईल तेव्हा उठायचं आणि मनाला येईल तिकडे वळायचं. जागा बायकोने शोधली: फ्रान्सच्या नैर्ऋत्येचा दोर्दोन्य जिल्हा. नदी, नदीकाठी कडे, कड्यांवर किल्ले, अक्रोडाच्या बागा आणि मधाच्या रंगाच्या दगडांची गावं. मेव्हणी आणि साडूभाऊ एका फोनवर तयार झाले. साडूभाऊ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी त्याच रात्री एक्सेलची फाइल उघडली आणि आमच्या निवांतपणाचा पंचनामा सुरू झाला.

आधी तारखा. सप्टेंबरात हवा छान आणि गर्दी ओसरलेली, पण आमच्याकडे गणपती. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा फ्रान्सच सुट्टीवर निघतो आणि खेड्यातली भाड्याची घरं तेव्हा बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. उरला जून. जून म्हटल्यावर दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. कैरीचं लोणचं! ते मे महिन्यातच उरकायचं ठरलं, तेव्हा कुठे तारीख पक्की झाली.

मग व्हिसा. कव्हरिंग लेटरमध्ये आम्ही प्रामाणिकपणे लिहिलं, की ठरावीक असा कार्यक्रम नाही, मन नेईल तिकडे जाऊ. एजंटने ते वाचलं, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "काका, व्हिसा हवाय ना?"

शेंगेनवाल्यांना, म्हणजे एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाला, आपण प्रत्येक रात्री डोकं कुठे टेकणार ते कागदावर लागतं. शिवाय निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची स्टेटमेंट, जाण्यायेण्याच्या विमानाचं बुकिंग आणि माणशी ९० युरो फी. मन नेईल ती सगळी ठिकाणं आम्ही तारीखवार भरून दिली. पॅरिसहून दोर्दोन्यजवळच्या बोर्दो शहरापर्यंत रेल्वे २०१७ पासून दोन तासांत नेते, पण तिकीट स्वस्त हवं तर ते आधी काढावं लागतं. म्हणजे अमुक तारखेच्या अमुक वाजता मनाने तिथे असलंच पाहिजे.

गाडीचं प्रकरण वेगळंच. आरटीओतून वर्षभराचं आंतरराष्ट्रीय परमिट मिळालं, त्यात विशेष काही नाही. पण भाड्याने गिअरवाली गाडी स्वस्त आणि ऑटोमॅटिक महाग. "चाळीस वर्षं गिअर टाकतोय, जास्तीचे पैसे कशाला?" असं साडूभाऊ म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की तिथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे गिअर उजव्या हाताने टाकायचा. आमच्या दोघांच्याही गाड्यांचा इंडिकेटर उजव्या हाताशी, तिथे तो डाव्या हाताशी आणि उजवीकडे वायपर. म्हणजे पहिले दोन दिवस प्रत्येक वळणाआधी आम्ही काच पुसून घेणार.

सराव हवा म्हणून त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या मांडल्या. पुढच्या डाव्या खुर्चीत स्वतः बसले, हातात वरणाचं झाकण. मागून मेव्हणी, "अहो, उजवीकडून चाला, उजवीकडून!" वॉचमनने थोडा वेळ पाहिलं आणि वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलवायचं का, असं मला हळूच विचारलं. शेवटी ऑटोमॅटिक बुक केली. डिपॉझिटसाठी गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. साडूभाऊंनी जन्मभर लोकांना क्रेडिट कार्ड घेऊ नका असं सांगितलेलं, त्यामुळे मुख्य चालक मी.

तिथल्या नियमांचा अभ्यास मात्र त्यांचाच. गावाच्या नावाची पाटी दिसली की वेग ५०, त्याच नावावर तिरकी लाल रेघ दिसली की गाव संपलं. गावाबाहेर २०१८ साली देशभर ९०ची मर्यादा ८० केली, पुढे काही जिल्ह्यांनी आपल्यापुरती पुन्हा ९० करून घेतली. आणि जिथे पाटी नाही, सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बोळातून ट्रॅक्टर घेऊन का येईना. "सोपंय," साडूभाऊ म्हणाले. "आपल्याकडे उजवीकडून, डावीकडून आणि उलट दिशेने येणाऱ्यालाही आपण आधी जाऊच देतो."

जेवणाचं ऐकून मेव्हणीने सहल रद्द करण्याची धमकी दिली. ती पक्की शाकाहारी आणि तो सगळा मुलूख बदकांचा. सॅलड मागवावं तर त्यात बदकाच्या पोटातले तुकडे. परदेशात शाकाहारी माणसाचा शेवटचा आधार बटाटा, तर तिथल्या सार्ला गावच्या पद्धतीचा प्रसिद्ध बटाटा बदकाच्याच चरबीत परततात! तिने भाजणी, मेतकूट आणि तुपाची बरणी काढली. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप परत फडताळात गेलं. ते जाताना तिचा चेहरा मला बघवेना. बरं, बाहेर जेवायचं तर दुपारी बारा ते दोन. दोननंतर स्वयंपाकघर बंद. पुण्याच्या माणसाने यावर बोलू नये हे मला कळतं. पण मनाला येईल तेव्हा उठण्याचा बेत त्या दिवशी बारगळला.

आता फाइलमध्ये सात रंग आहेत. सार्लाचा मोठा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी, म्हणून ते दोन दिवस पिवळे. आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची गुहा निळी. चार पोरांना ती १९४० साली सापडली. पुढे माणसांच्या नुसत्या श्वासाने चित्रं बिघडायला लागली म्हणून १९६३ मध्ये तिला कुलूप लागलं. आता पाहायची ती शेजारची हुबेहूब प्रतिकृती, २०१६ची, आणि तिलाही वेळ ठरवून तिकीट. "नक्कल बघायला इतक्या लांब?" असं बायको म्हणाली, पण अस्सल चित्रांसमोर आपण चौघे श्वास रोखून किती वेळ उभे राहणार? किल्ल्यांना तांबडा रंग. बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले नदीच्या दोन काठांवर समोरासमोर, फ्रान्स-इंग्लंडच्या 'शंभर वर्षांच्या युद्धात' एकमेकांवर डोळे वटारून बसलेले. ते युद्ध चाललं १३३७ ते १४५३, म्हणजे ११६ वर्षं. ठरलेल्या वेळेत त्यांचंही काही आटोपलं नव्हतं, हे मी साडूभाऊंना मुद्दाम ऐकवलं. त्यांनी किल्ल्यांसाठी पाऊण तास वाढवून दिला.

काल फाइलची नवी आवृत्ती आली. गुरुवार, दुपारी ३ ते ४.३० : निवांत बसणे (हिरवा). शेजारच्या रकान्यात लाल अक्षरात 'कुठे?' मेव्हणीने दोन जागा सुचवल्या आहेत. दोन्हीकडे पार्किंगचा प्रश्न आहे.